मनगट सापडत नाही

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारापासून दोन गल्ल्या आत,
खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान, वर जॉयविनचं टॅटूचं.
जिन्यात पाटी: फोन भिजला? तांदळात पुरू नका, आमच्याकडे आणा.
मी ती दोनदा वाचली.
अडतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होते,
कुणी खरं लिहिलं की मला बरं वाटतं.

"बसा आंटी. फूल काढू? नातवाचं नाव?"
म्हटलं, फूल नको, नातू नाही.
डाव्या मनगटावर लिही: पेनिसिलिन चालत नाही.
तो हसला. मग त्याला दिसलं की मी हसत नाही.

"हे फोनमध्ये असतं ना आंटी, आणीबाणीच्या पानावर?"
असतं की. रक्तगट, ॲलर्जी, मुलाचा नंबर,
सगळं काचेच्या आत.
बेशुद्ध खिशांतून किती फोन काढलेत मी,
तडकलेले, दोन टक्क्यांवर आलेले,
उघडायला बोट मागायचे
आणि बोट बँडेजात असायचं.

मग राउंडवर असल्यासारखी सुरू झाले.
सुई माझ्यासमोर फोड. तारीख दाखव.
वाफेच्या भांड्यातली पट्टी बघू, रंग बदलला का तिचा?
बाटलीत बुडवायचं नाही, टोपणात शाई काढ,
उरेल ती फेक, जीव तुटला तरी.
तांबडी नको. तांबडीवर कातडी लवकर रुसते.

गाणं बदलायला त्यानं फोनला हात लावला.
म्हटलं, हातमोजे बदल.
पुन्हा लावला. म्हटलं, बदल.
तिसऱ्यांदा त्यानं गाणंच बंद केलं.

"रोमीत की देवनागरीत?"
या प्रश्नावर आमच्याकडे माणसं
अर्ध्या जेवणावरून उठून गेली आहेत.
म्हटलं, रात्रपाळीचा नवा डॉक्टर केरळचा निघाला तर?
रोमीत लिही. ठळक.

सासूबाईंच्या हातावर तुळस होती, गोंदलेली,
एका दुपारी, एकाच सुईनं, वाड्यावरच्या अकरा जणींबरोबर.
त्यातल्या दोघी पुढं काविळीनं गेल्या.
सुईचं नाव कुणी घेतलं नाही.

मुंगी चावल्यासारखं होईल हं,
हे मी हजारो लोकांना सांगितलं आहे.
त्या सगळ्यांची, जॉयविनच्या खुर्चीत बसून,
मनातल्या मनात माफी मागितली.

तीन आठवडे ऊन नाही, समुद्र नाही,
खपली सोलायची नाही,
मलम नुसतं चमकण्यापुरतं,
आणि घड्याळ नाही.

घड्याळ निहारनं पाठवलेलं.
तो बोटीवर, इंजिनात. रेंज मिळेल त्या बंदरात
माझे ठोके त्याला दिसतात.
ते उजव्या हातात घालून पाहिलं,
तर आदोळीवर नारळ खवताना म्हणालं,
शाब्बास, दीड किलोमीटर चाललात.
म्हणून जखम भरल्यावर पुन्हा डाव्या हातात.

हिरवा दिवा काळ्या अक्षरांवर लुकलुकला,
शोधत राहिला. मग काचेवर उमटलं:
मनगट सापडत नाही.
कुलूप. चार आकडे मागितले.
दिले. मनगट सापडत नाही.
मी मनगटाकडे पाहिलं. होतं.

रात्री दीडला फोन. मागे घरघर.
"आई, तुझी नाडी दिसत नाही."
अक्षरांखाली आहे रे.
"कसली अक्षरं?"
ते उद्या सांगते. थांब, मोजते.

दोन बोटं अंगठ्याच्या बुडाशी,
डोळे भिंतीवरच्या सेकंदकाट्यावर.
पंधरा सेकंद तो बोलला नाही,
इंजिन तेवढं बोलत होतं.
बावीस भरले. दचकून उठले होते ना.

अठरा, मी म्हटलं. अठरा चोक बहात्तर.
झोप आता.