परतीचा धोटा

मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
प्राणिगृहात मात्र तेवीस अंश, काटेकोर.
नागपुरात मे महिन्यात एवढा गारवा
उंदरांना मिळतो, नाहीतर न्यायाधीशांना.

शालिकराम खापेकर उंदीर उचलतो,
शेपटीच्या मुळाशी दोन बोटं, पोटाखाली तळहात,
आणि नळीत सोडतो.
अर्धा तास. रोज सकाळी दहाला.
वळता येत नाही, पुढे सरकता येत नाही,
श्वासापुरती भोकं आहेत.
याला प्रस्तावात आम्ही ताण म्हटलं आहे.

पहिल्या दिवशी चोवीसही उंदरांनी
नखांनी नळी खरवडून काढली,
रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढलं
अमरावती रोडच्या डांबरावर ऊन चढावं तसं.
दहाव्या दिवशी नळी समोर धरली
की आपणहून शिरू लागले.
मिशा हलायच्या, तेवढंच.

"सवय झाली त्यायले," शालिकराम म्हणाला.

सवय कशी होते हे शोधायला
मला तीन वर्षं आणि एक डीप फ्रीझर मिळाला आहे.
चहा गार होईपर्यंत मी त्याला सांगते :
मेंदूत एक पेशी ओरडते, दुसरी ऐकते.
ऐकून ऐकून पुरे झालं की ती दुसरी
आपल्याच भिंतीतली चरबी मोडून
तिथल्या तिथे एक रेणू घडवते.
साठा नसतो. गरज पडली की हातोहात.
आणि तो उलटा जातो, ओरडणारीकडे,
एवढंच सांगायला : बास. पोचलं.
अशा एका रेणूच्या नावात
दूरदेशीच्या कुणी आपला 'आनंद' घातला आहे.
भीती आली की तोच आधी संपतो.
दुसऱ्याला धड नावही नाही, एक आकडा आणि दोन अक्षरं,
पण दहाव्या दिवसाची शांतता
बहुधा त्याचीच.

शालिकराम बशी पुसतो.
"मंजे धोटा. आमच्या बापाचा माग होता
गोळीबार चौकात.
धोटा नुसता जातच राह्यला, वापस आलाच नाही,
त लुगडं कसं इणल्या जाईन, मॅडम?"

हे वाक्य प्रबंधात कुठे घालावं
मला अजून सुचलेलं नाही.

अकराव्या दिवशी बारा उंदरांना सुई दिली,
परतीची वाट अडवणारं औषध. मग नळी.
बाराही पहिल्या दिवसावर जाऊन पडले,
तीच खरवड, तीच मुताची धार,
मधले दिवस कुणी झाडून नेल्यासारखे.
मला हेच हवं होतं.
आलेख सुंदर आला.

शालिकराम एकोणीस वर्षं कंत्राटी आहे.
दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात,
मग पत्र देतात.
पहिल्या वर्षी तो दिवसभर
फुटाळ्याच्या भिंतीवर बसून होता म्हणे, उपाशी.
पुढे पुढे त्या दिवशी
तो कूलरच्या ताट्या बदलायचा.
उद्या तो दिवस. यंदा पत्र तयार नाही.
पत्राऐवजी कुठलीशी एजन्सी येणार आहे.

आज त्याच्या हातून नळीचं झाकण बसेना.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उंदीर निसटला,
फ्रीझरखाली जाऊन थरथरत बसला.
शालिकराम गुडघ्यांवर, गाल फरशीला लावून,
"ये बे. काही नाही करत मी. ये ना."
उंदीर आला नाही.
मी घड्याळ थांबवायला विसरले,
त्या नोंदीवर नंतर काट मारावी लागली.
कसाबसा टॉवेल टाकून धरला त्याला,
तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

सहाला त्यानं सही केली, डबा घेतला,
सायकल फाटकाबाहेर काढली.
मी दिवे मालवत होते तर
दार पुन्हा वाजलं.
"सतरा नंबरची बाटली गळून राह्यली, मॅडम.
रातभर पिंजरा ओला राहीन."

बाटली बदलली. बूच दाबून पाहिलं,
उलटी धरून पाहिली, कानाशी नेऊन हलवली,
आणि पुन्हा निघाला,
अजून न उतरलेल्या उन्हात.