एकविसावा दिवस

सिरसघाटच्या उपकेंद्रात कॅलेंडरवर
दर एकविसाव्या दिवसाभोवती मी गोल काढते.
गोलात एकच अक्षर: प्र.
प्रणोती भोयर, वय अकरा,
घसा दुखला होता, मग सांधे सुजले,
मग हृदयाची एक झडप गळू लागली.

बाटलीत पांढरी भुकटी. पाणी सोडलं की दूध.
जाड सुई, तरी मध्येच तुंबते.
ती भिंतीवरच्या पालीकडे बघत राहते.
रडत नाही, याचाच मला राग येतो.

तिचा बाप देवानंद मिस्त्री, नखांत सिमेंट.
"सिस्टर, घसा तं कवाचाच बरा झाला.
मंग हे सुई काहून?"

त्याला त्याच्याच कामावर नेलं,
आमच्या अर्ध्या बांधलेल्या कंपाउंडपाशी.
म्हटलं, जंतूलाही भिंत असते.
वाढायचं तर तो जुनी थोडी फोडतो, नवी जोडतो.
हे औषध भिंत पाडत नाही.
विटेचं सोंग घेऊन
त्याच्या मिस्त्रीच्या मुठीत जाऊन बसतं.
मूठ तिथंच चिकटते.
फोडणारे मात्र फोडतच राहतात,
आणि आत पाण्याचा जोर...
"फुटते," तो म्हणाला. "कच्च्या टाक्यावानी."
थांबून: "अन् पोरीची भिंत?"
आपल्या पेशींना भिंतच नाही, मिस्त्री. नुसता पडदा.
"म्हंजे झोपडीत होतो म्हून वाचलो!"
तो हसला. पहिल्यांदाच.

हे बुरशीपासून आलं, हे त्याला पटेना.
सडक्या खरबुजावरची बुरशी पोसून
लोकांनी ते पिंपानं काढलं.
आधी तर इतकं थोडं, की रोग्याच्या लघवीतून
परत गाळून घ्यायचे,
कारण काही तासांत ते निघूनच जायचं.
मग कुणीतरी त्याला जड जोडीदार बांधला:
आता मांसात गुळाच्या ढेपेसारखं बसतं,
तीन हप्ते विरघळत राहतं.
म्हणून दुखतं, प्रणोती. म्हणूनच.

दुसरे जंतू हुशार निघाले. त्यांनी कात्री केली,
औषधाचा कणाच कापायला.
आपण त्याची शेपटी बदलली, नवी नावं दिली,
सोबत कात्री बोथट करणारा एक पहारेकरी धाडला.
तो खेळ अजून चालू आहे.
पण हिच्या घशातला जंतू
एवढ्या वर्षांत पेनिसिलीनपुढं
काहीच शिकला नाही.
असा एखादा ढ असतो जगात,
त्याच्याच भरवशावर मी कपाट उघडते.

मार्चात कपाट रिकामं होतं.
जिल्ह्याहून उत्तर: मागणी नोंदवली आहे.
मी एसटीनं तालुक्याला गेले, तीन दुकानं फिरले,
दोन बाटल्या मिळाल्या, ओल्या रुमालात बांधून आणल्या.
भुकटीला तेवढ्या थंडीची गरज नव्हती.
मला होती.

आज सुईनंतर अर्धा तास बाकावर बसवलं.
खाज? धाप? काही नाही.
उठताना लंगडत विचारलं तिनं,
"किती गोल रायले, सिस्टर?"
निदान एकविशीपर्यंत. मनात हिशेब केला:
एकशे सत्तरच्या वर.
म्हटलं, एक. पुढचा.