पावणेदोन इंच

चौदाशे फेऱ्यांवर बोट थरथरू लागली.
आधी कपाटातल्या बशा बोलल्या,
मग टेबलावरचा चष्मा चालत चालत कडेशी गेला.
बोदिलनं तो पडायच्या आत उचलला,
इंजिनाचा वेग उतरवला,
आणि उघड्या बोडक्या बेटांमधून
दिवसभर रांगत बेतिनाला आली.

आता बोट गोदीत, ओंडक्यांवर,
पोटाला शेवाळ वाळतंय.
योसो डावा पंखा दोन्ही हातांनी धरतो,
वर-खाली हलवतो.
खुळुक.
त्याला ऐकू येत नाही;
एक कान कारखान्यात गेला, दुसरा वयात.
ऑलिव्हच्या काठीचं एक टोक तो शाफ्टच्या आधाराला टेकवतो,
दुसरं दातांत धरतो,
आणि भाचीला म्हणतो, हलव.
डोळे मिटून दातांनी ऐकतो.
मग काठी काढून थुंकतो:
गेलं.

पितळेची नळी, आत रबर,
रबराला लांबच लांब खाचा.
तेल नाही, ग्रीस नाही.
खाचांतून समुद्रच आत शिरतो
आणि फिरत्या शाफ्टला
अंगाला अंग न लावता तोलून धरतो.
हे प्रेबेननं तिला कधी सांगितलं नव्हतं.
तो इंजिनखोलीत उतरायचा,
वर न बघता म्हणायचा, टॉर्च इकडे.
सतरा वर्षं तिनं उजेड धरला,
तो कशावर पडतो ते पाहिलं नाही.

सुकाणू उतरलं. पिन निघाली.
पंखा सुटला तो बंदुकीसारखा आवाज करून,
कुत्री उठली, पुन्हा झोपली.
शाफ्टला कुणाच्या तरी जाळ्याची दोरी,
वितळून काचेसारखी कडक.
तोंकानं करवतीनं जुनं बेअरिंग उभं चिरलं,
आधाराच्या धातूला ओरखडाही न लावता.
शिबेनिकहून नवं आलं, बसच्या ड्रायव्हरजवळ,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
पंचेचाळीस मिलिमीटर.

शाफ्टवर सरकवलं तर सैल. डगडगतं.
योसोनं माप घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा घेतलं.
मग शिव्या दिल्या: इंग्लंडला, इंचांना,
बसवाल्याला, आणि शेवटी उगाचच माशांना.
बोट इंग्लिश. शाफ्ट पावणेदोन इंची.
अर्ध्या मिलिमीटरचा फरक, जरा जास्तच.

बोदिल वही घेऊन आली.
प्रेबेनचं तिरकं, घाईचं अक्षर,
पानाच्या कोपऱ्यात नुसतं: १ ३/४.
एक तिला रेघ वाटला होता,
उरलेली तीन एप्रिल.
दोन हिवाळे ती आठवत होती,
तीन एप्रिलला आपण कुठे होतो,
काय झालं होतं, जे त्यानं लिहून ठेवावं
आणि आपण विसरावं.

ती ओंडक्यावर बसली आणि हसली.
तोंकाला वाटलं, पैशांचं टेन्शन आलं असेल;
तिनं न विचारता कॉफी आणून दिली.

नऊ दिवसांनी बरोबर मापाचं आलं.
रात्रभर दानिराच्या फ्रीजरमध्ये सार्डिनच्या पेट्यांत ठेवलं,
थंडीनं आक्रसलं,
पहाटे लाकडाच्या ठोकळ्यावर तीन ठोके,
बसलं.
बोटीला दिवसभर माशांचा वास.

कपलिंग आज नाही, योसो म्हणाला,
जमिनीवर जुळवलेलं पाण्यात जुळत नाही.
आधी हिला तरंगू दे, अंग सैल सोडू दे.
दुसऱ्या दिवशी पातळ पाती चारी बाजूंनी सरकवत
त्यानं दोन चकत्या समोरासमोर आणल्या.
मग पान्हा तिच्या हातात दिला, ग्रंथीचा नट दाखवला.
आवळ. एवढा नको.
पार कोरडं केलंस तर जळेल.

तिनं टॉर्च दातांत धरला.
दोन्ही हात मोकळे.
इंजिन सुरू, शाफ्ट फिरतोय,
ग्रंथीतून थेंब. थांबला. थेंब.
घड्याळ लावून मोजले: मिनिटाला तीन.

वहीत तिनं अक्षरांत लिहिलं,
डावा, पावणेदोन इंच.
कोपऱ्यातलं खोडलं नाही.

उजवा शाफ्टही किंचित वाजतो.
योसोनं काठी लावून पाहिली होती,
खांदे उडवले होते: पुढच्या वर्षी.
ते तिनं लिहिलं नाही.
तोंकानं दोर सोडला.