गाभोळी

बेलापूरच्या दवाखान्यात ठिपक्यांचं पुस्तक उघडलं
तेव्हा मला चौऱ्याहत्तर दिसला, लख्ख.
भूपेश पानं उलटत राहिला,
रिकाम्या ताटापुढे बसल्यासारखा.
शेवटी म्हणाला, "ठिपके आहेत."

बोटीवरच्या नोकरीला तेवढं पुरत नाही.
डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा:
हे त्याला पाठ होतं, वहीत दोनदा अधोरेखित होतं.

घरी जनार्दन म्हणाला,
"आमच्या घराण्यात असं कुणाला नाही."
लग्नाला सव्वीस वर्षं झाली
आणि पहिल्यांदाच त्याचं हे वाक्य बरोबर निघालं.

डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चिठ्ठीवर काढून दाखवलं:
बापाकडून मुलाला जातो तो आखूड, वाय.
लाल-हिरव्याची कृती लिहिलेली असते एक्सवर,
आणि मुलाला एक्स एकच, आईकडचा.
"तुमच्याकडे दोन आहेत.
एक तुमच्या आईचा, शाबूत. तो सांभाळून घेतो.
दुसरा वडिलांचा."
मग पेन थांबवून, "वडिलांना रंग कळायचे?"

माझा बाप चाहू. दिवाळ्याचा.
रात्री दिव्याशिवाय होडी आणायचा,
चिखलाच्या वासावरून सांगायचा खाडी कुठे वळते.
आईनं कोलंबी उकडायला टाकली की विचारायचा, "झाली का गो?"
आम्ही हसायचो. समोरच तर लाल झालीय!
गाव त्याला मस्करीखोर म्हणायचं.
त्यानंही ते नाव निमूट वापरलं, जन्मभर.

एकदा करावेच्या बांधावर तो आणि चार वर्षांचा भूपेश.
समोर हजारभर फ्लेमिंगो,
कॅमेरेवाली माणसं नुसती "गुलाबी, गुलाबी".
बाबा म्हणाला, "पांढरेच हायेत गो, चिखल लागलेले."
भूपेश म्हणाला, "हो, पांढरे."
मला वाटलं पोरगं आजाची नक्कल करतंय.
मी त्याच्या पाठीत चापट मारली, हलकीच.

हलकी होती. तरी आठवते.

चिठ्ठी दुमडताना बाईंनी आणखी एक सांगितलं, सहज:
मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात.
म्हणजे सहाव्या महिन्यातली माझी आई,
मिठागरावर, डोक्यावर टोपली,
तिच्या आत मी, वीतभर,
माझ्या आत लाखो बीजं, आणि त्यातलं एक
तीस वर्षांनी भूपेश होणारं.
त्या एका बीजात दोघंही शेजारी शेजारी निजलेले,
आईचा एक्स, चाहूचा एक्स.
कुणी पुढे जायचं ते अजून ठरलं नव्हतं.
ते ठरलं नेरूळमध्ये, कुठल्याशा मंगळवारी,
मी बहुधा भांडी घासत होते.

उर्वीनं चिठ्ठी मागून घेतली. तिचं लग्न ठरतंय.
तिच्यात आजा आलाय की आजी, शक्यता निम्मी निम्मी.
"त्यांना सांगायचं?" मी विचारलं.
"सांगायचं. आणि हेही, की तो अंधारात होडी आणायचा."
चिठ्ठी तिनं पत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवली.

भूपेश आठवडाभर कुणाशी बोलला नाही.
रविवारी गाभोळी तळत होते, तर ओट्याशी येऊन उभा.
"हिचा रंग कोणता?"
नारिंगी, म्हणाले. मग विचारलं,
"तुला कसा दिसतो?"
त्यानं बराच वेळ बघितलं.
"ओहोटीला, ऊन उतरताना, चिखल चमकतो ना? तसा."

चिखल चमकतो हे मला ठाऊक नव्हतं.
खाडीकाठी पन्नास वर्षं काढली.

तव्यात दाणे तडतडत होते, शेकडो,
एकही माशाचा होणार नव्हता.
मी उलथणं उचललं
तर तो म्हणाला, "थांब, अजून कच्ची आहे. वास बघ."