हर्निया

घरात सांगितलंय : हर्निया.
मुलाला, सुनेला, खालच्या मजल्यावरच्या ढोबळेंना,
ऑर्डनन्सच्या पेन्शनर मंडळीला,
जी सकाळी अंबाझरीच्या पाळीवर भेटते.
हर्निया म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.
फार तर, वजन उचलू नका.

एकतीस वर्षं लेथवर काढली मी.
केसाएवढा फरक बोटाला कळायचा.
म्हणून धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर चांडकांनी
कागदावर चित्र काढलं, तेव्हा लाज गेली माझी :
दोन नळ्या, एक टाकी, एक पंप, एक व्हॉल्व्ह,
आत मिठाचं पाणी.
दाबलं की भरतं, सोडलं की परत.
मी विचारलं, सील कशाचं?
ते हसले. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

साखरेनं आधी पायाची बोटं बधिर केली,
मग तेही.
चंद्रकला काही बोलली नाही.
तिचं ते न बोलणं मी चार वर्षं ऐकलं,
आणि ग्रॅच्युइटीतून पैसे काढले.

दोन महिने चाललं. बरोबर चाललं.
इथे एवढंच.

एप्रिल संपता संपता पंप कातडीला चिकटला.
आधी बोरासारखा चिमटीतून सटकायचा,
मग हलेना. मग लाल. मग गरम,
पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारीही
अंगातली तेवढीच जागा वेगळी कळावी, इतका गरम.
पाच दिवस कुणाला दाखवलं नाही.
हर्नियाच्या माणसानं दाखवावं काय?
सहाव्या दिवशी चड्डीवर पिवळा डाग,
तो मोरीवर तिच्या हाती लागला.
"काहून लपवून राहिले जी? ऑटो बोलावतो मी."

सगळं काढावं लागेल, चांडक म्हणाले.
जंतू वस्तूवर बसले की वर साय धरतात,
सायीखाली औषध पोचत नाही.
मला कूलरची टाकी दिसली,
वाळ्याच्या ताटीखालचं हिरवं बुळबुळीत,
किती ब्लिचिंग टाका, पंपाच्या जाळीत उरतंच.
समजलं, म्हटलं. काढा.

कंबरेखाली मी नव्हतो.
पडद्यापलीकडे स्टीलच्या ट्रेमध्ये
काहीतरी पडल्याचा आवाज. मग दुसरा.
मी मोजत होतो.
टाकी शेवटी आली, मूत्राशयाच्या कडेनं,
तिला वेळ लागला.
मग धुणं. तपकिरी औषध, मग दुसरं कुठलं, मग मिठाचं पाणी,
बाटलीमागून बाटली.
ब्रदर हेमराज म्हणाला, सात झाल्या काका.
मी म्हटलं, मले तो पंप दाखव.
नाही जमत. पिवळ्या पिशवीत गेला.
मला फक्त जॉइंट पाहायचा होता.

जॉइंट ठीक होता, चांडक दुसऱ्या दिवशी म्हणाले,
कुणाचीच चूक नाही.
असा शेरा मारून
एकही जॉब मी कधी परत पाठवला नव्हता.

पू फार होता, म्हणून लगेच दुसरं बसवलं नाही.
सहा महिने थांबा. साखर खाली आणा.
पण आत वण धरेल, जागा आखडेल, लांबी थोडी जाईल.
किती?
त्यांनी बोट आणि अंगठा धरून दाखवलं.
दोन सेंटिमीटर, जरा कमी.
ते नजरेनंच मोजलं मी.

घरी आलो तर कूलरची टाकी घासून कोरडी केलेली.
रोज संध्याकाळी दार लावून ती पट्टी बदलते,
जखमेतली वात चिमट्यानं ओढते,
वास येतो का पाहते, नवी भरते,
दिव्यात भरावी तशी.
परवा मी म्हटलं, दुसरं बसवू का नको, समजत नाही.
तिनं चिमटा ठेवला.
"पयल्या खेपेला मले ईचारलं होतं का?"
नाही.
"मंग आता ईचारजा."

अजून विचारलेलं नाही.
जिन्यात ढोबळे भेटतात,
काय म्हणतो हर्निया?
भरून येतोय, म्हणतो,
आणि कठडा धरून, एकेक पायरी, वर.