हेराल्डचं पाणी

द्वारकेजवळ, ओस्तवालांच्या काउंटरवर
पोरानं पाच बाटल्या मांडल्या:
गुलाबी, नारिंगी, निळी, पोपटी,
आणि एक पिवळी, जिच्यावर बर्फाचा डोंगर.
"मॅडम, गुलाबी घ्या. लेटेस्ट आहे.
पाच वर्षं बॉनेट उघडायला नको."

मला हसू आलं.
बॉनेट उघडायलाच तर घेतली होती गाडी.
अडुसष्टची हेराल्ड, देवळालीच्या पारशी बाईंकडून,
फंडाच्या पैशातून, भावाशी भांडून.
हिचं अख्खं तोंडच पुढे कलंडतं,
सुसर जांभई देते तसं.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी रंगच तपासले.
भिंगाखाली तिकिटांचे ताव.
निळ्यात नखभर जांभळं उतरलं
तरी ताव बाद.
आणि आता शरणपूरच्या गल्लीत
शमुवेल मिस्त्री मला सांगतो,
"ताई, रंगावर जाऊ नका.
रंग कंपनी वरून ओतते,
लग्नातल्या सरबतात ओततात तसा.
मागची बारीक अक्षरं वाचा."

पर्समधून भिंग काढलं. अजून असतं.
तो वाट बघत उभा राहिला,
हात चिंधीला पुसत, न घाई करता.
मी एकेक आम्ल मोठ्यानं वाचत गेले
आणि तो मान हलवत गेला:
हे चालेल. हे नको. हे तर अजिबात नको.

"तुमचा रेडिएटर पितळेचा.
सांध्यांना शिशाचे डाग दिलेत, जुन्या हाताचे.
गुलाबी वाईट नाही, पण ते ॲल्युमिनियमच्या घरचं.
इथं ते डागच कुरतडेल."

"आणि थोडं हे, थोडं ते?"

"पिठलं होतं, ताई.
खरोखरचं पिठलं. नळीत बसतं."

मी म्हटलं, नाशकात पाणी गोठतं कधी?
निफाडला एखाद्या पहाटे पारा दोनवर जातो,
बागाईतदार द्राक्षांत शेकोट्या पेटवतात,
एवढंच.
तो म्हणाला, "नाव गोठण्याचं आहे,
काम उकळण्याचं.
मे महिन्यात कसारा चढा, मग कळेल.
आणि गंजाचं. गंज ऋतू बघत नाही."

मग त्यानं खालची चावी सोडली.
बादलीत आलं ते पाणी नव्हतं,
कुठल्याशा बोअरचा क्षार आणि चाळीस वर्षांचं लोखंड.
तो विटकरी मी ओळखला.
महसुली तिकिटाचा एक लॉट होता,
तीनदा परत पाठवलेला.

पोपटी निम्मं, डिस्टिल्ड निम्मं.
मापाला दुधवाल्याचं जुनं लिटर.
दोन थेंब फरशीवर सांडले
तेव्हा पहिल्यांदा तो घाईनं हलला,
माती टाकली, पुसलं, पुन्हा पाणी मारलं.
"गोड लागतं हे.
जनावर चाटतं, आणि मग मूत्रपिंडं जातात."
दाराशी खिळ्याला एक पट्टा होता,
मध्यम कुत्र्याच्या गळ्याएवढा.
मी विचारलं नाही.

इंजिन चालू ठेवून आम्ही चहा प्यालो.
बुडबुडे येत राहिले, मग कमी झाले,
मग एकच, उशिरा,
वर्गात मागून हात वर करणाऱ्या पोरासारखा.
झाकण त्यानं लावलं.
"गरम असताना उघडायचं नाही. कुणी सांगितलं तरी नाही."

"किती दिवस?"
"दोन वर्षं. हे टिकाऊ नाही, पण हिच्या अंगाला लागतं."

कागदी पट्टीवर त्यानं पेनानं लिहिलं,
तारीख, आणि खाली:
फक्त हिरवं. दुसरं ओतू नये.
तोंडाच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

शाई 'हिरवं'च्या 'र'वर फुटली आहे,
ओळ उजवीकडे दीड मिलिमीटर उतरते.
ताव असता तर मी
तिथंच बाद केला असता.
गंगापूर रोडनं घरी येताना
काटा मधल्या रेघेवर होता,
आणि मी उगाचच
भोसल्याच्या चौकापासून परत फिरून
आणखी एक चक्कर मारली.