बंद खोलीचं रीडिंग

शुक्रवार पेठेतल्या त्या शाळेचं आता समाजभवन झालंय.
दगड तोच, काळा. वर निळी पाटी,
तिच्यावर नगरसेवकाचं नाव
शाळेच्या नावापेक्षा वीतभर मोठं.

मी गेले ती मीटर बघायला.
तक्रार अशी, की चार नंबरची खोली
पूर आल्यापासून कुलपात आहे
आणि तिचं मीटर चालतं.
फार नाही. महिन्याला दोन युनिट.
म्हणजे साठचा एक बल्ब, रोज तासभर.
एवढ्यात फार तर
एका पोराचा अभ्यास होतो.

तायाप्पा दारात तंबाखू मळत बसलेला.
"टेस्टर हाय न्हवं? मग भ्याचं काय कारन न्हाई.
पर सातच्या आत आटपा."
सातला काय असतं?
"एकोणतिसाचा पाढा."

एक नंबरात शिवणवर्ग, दोनमध्ये बीपी तपासणी,
मधल्या हॉलात बारशी, साखरपुडे;
फळ्याला टेकवलेला थर्माकोलचा मोर,
त्याच्या पिसाऱ्याआडून अजून दिसतं
आजचा सुविचार, आणि पुढे काही नाही.
कुणी म्हणतं, गुरुजी आहेत, पेन्शन न घेता गेलेले.
कुणी म्हणतं, वर्गात कोंडून राहिलेलं पोरगं.
शिवणवर्गातल्या हसीना मुल्लाणी म्हणाल्या,
पोरगीच असणार,
सकाळी सुया ओवून ठेवलेल्या असतात.
त्या हे तक्रार म्हणून सांगत नव्हत्या.

किल्ली तायाप्पाच्या करगोट्याला.
दार फुगलेलं, खांद्यानं रेटावं लागलं.
आत बाकांवर बाकं, चिखल वाळून भाकरीसारखा तडकलेला,
भिंतीवर पुराची रेघ माझ्या कपाळाएवढी,
आणि जिल्ह्याचा नकाशा,
शिरोळकडून पुसत पुसत आलेला.

फॉल्ट मिळाला. मिळतोच.
शाळेच्या घंटेची जुनी वायर, कापड गुंडाळलेली,
ओल्या भिंतीत करंट सोडत होती, थेंब थेंब.
मी रकान्यात लिहिलं: अर्थ लीकेज.
भुताला आमच्या फॉर्मात रकाना नाही.

वायर काढेपर्यंत सात वाजले.
शिलाई मशिनी एकेक करून थांबल्या.
आणि मग, कुठून ते मला सांगता यायचं नाही,
एकोणतीस एके एकोणतीस.
बारीक आवाज, नाकात थोडा, घाई नसलेला.
पंचे झाला. सक एकशे चौऱ्याहत्तर.
एकोणतीस सत्ते…
एकोणतीस सत्ते…

माझाही तिथंच अडायचा.
बाबा समोर बसून विचारायचे,
आणि त्यांच्या पाठीमागून आई,
जी शाळेची पायरी चढली नव्हती,
पिठाच्या हातानं दाखवायची:
दोन बोटं. मूठ. तीन बोटं.
ती कुठून शिकली, मी कधी विचारलं नाही.

मेन बंद होता. हातात टॉर्च होती.
दोनदा लावली.
थांबले.
तीनदा लावली.

खोलीत काहीच झालं नाही.
चिखलाचा एक पोपडा पडला असेल फार तर.
मग माझ्या मागून, उंबऱ्याबाहेरून,
तोंडातली तंबाखू गालात सारून
कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं,
"अठ्ठे दोनशे बत्तीस."

मी वळले. तायाप्पा चप्पल शोधत होता,
जी त्याच्या पायातच होती.
कितवीपर्यंत, विचारलं.
"चौथी. हितंच. चार नंबरात."
जरा वेळानं म्हणाला,
"आमच्यात सत्तेच्या फुडं कोन गेलंच न्हाई."
आमच्यात म्हणजे कुणात,
हे मला तेव्हा सुचलं नाही, घरी जाताना सुचलं.

नवी वायर ओढली, जोडाला टेप गुंडाळली.
होल्डर तसाच ठेवला, बल्बसकट.
वापराचा प्रकार: सभागृह, असं छापलेलं होतं.
ते खोडून शैक्षणिक लिहिलं, खाली सही केली.
साहेब बोलावतील, तेव्हा बघू.

"बिल कमी येईल न्हवं आता?" तायाप्पानं विचारलं.
नाही, म्हटलं.
दोन युनिट येतच राहतील.
त्यानं कुलूप हातात घेतलं, लावलं मात्र नाही.